शहाणी म्हटलं की रडते

कांताबाईच्या तोंडी लागायचं नाही, हे आर्णीकडच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अठरा वर्षं ती शाळेत खिचडी शिजवत होती. तांदळाचं पोतं उघडायच्या आधी हेडमास्तरसुद्धा तिला विचारत. आणि का नाही विचारणार? ताटात एक शीत उरलं तर पोरांची खैर नसे, मग हेडमास्तर कोण लागून गेले!

तिचा एक ठरलेला शब्द होता, शहाणी. पुरुष असला तर शहाणा. सून माहेरून एक दिवस उशिरा आली, "शहानीले घर आठवलं वाटते." कंडक्टरने सुटे मागितले, "शहाना लेकाचा!" शिव्या ती देत नसे. तिला गरजच पडत नसे.

खिचडीचे भरलेले मोठाले गंज उचलून उचलून तिच्या बेंबीजवळ लिंबाएवढा गोळा आला. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, ऑपरेशन करू. वीस दिवसांनंतरची तारीख दिली. "पण काकू, नंतर तीन महिने पोटावर भार नको. टाके सुटले तर पुन्हा पोट उघडावं लागेल."

भार म्हटल्यावर कांताबाईला गंज आठवला नाही. आठवला उर्वशीचा पाय.

उर्वशी म्हणजे तिची नात, साडेचार वर्षांची. धाकटा भाऊ झाल्यापासून पोरगी आईजवळून उठून आजीजवळ आली होती. आजीच्या पोटावर उजवा पाय टाकल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे, आणि झोपेत अशा लाथा झाडायची की म्हैस बरी. मुलगा धम्मरत्न बुटीबोरीला कंपनीत, महिन्यातून एकदा यायचा. सून उज्ज्वलाच्या अंगावर तान्हं. तेव्हा वीस दिवसांत ही पोरगी वेगळी झोपली पाहिजे, नाहीतर आजीचे टाके गेले. इतकं सरळ होतं.

कांताबाईने तिच्या पद्धतीने सुरुवात केली. भिंतीशी वेगळी बाज टाकली आणि गरजली, "घोडी झाली तरी आजीच्या कुशीत झोपते! झोप तिथं, अन् आवाज काढशीन तर पाह्य!"

पोरीने आवाज काढला. असा काढला की तान्हं उठलं, उज्ज्वला उठली, शेजारचं कुत्रं उठलं. तीन दिवस हेच. आणि तिन्ही दिवस शेवटी कांताबाईनेच तिला उचलून आपल्या अंथरुणात घेतलं. पोरीपेक्षा जास्त राग तिला स्वतःचा आला.

रात्रीच्या रडारडीचं कानावर आलं तशी चौथ्या दिवशी अंगणवाडीची जया घरी आली. तांड्यावरची पोरगी, अंगणवाडीत लागून दोनच वर्षं झालेली. म्हणाली, "काकू, तिले एकदम नोका तोडू. पह्यले तिच्या बाजीजवळ बसा, मंग रोज थोडं थोडं दूर सरका. अन् सकाळी उठली का कौतुक करा."

"कायचं कौतुक?"

"एकटी झोपल्याचं."

"झोपल्याचं कौतुक? मंग जेवली तर हार घालू, अन् हागली तर बँड लावू? आमी लेकरं नाई वाढवले का वं? कोनाचं कौतुक केलं आमी? अन् आमचं कोनं केलं?"

जया निघून गेली. पण तारीख काही कांताबाईला घाबरून पुढे जाणार नव्हती. रात्री ती बाजेजवळ जमिनीवर बसली, भिंतीला पाठ लावून, पोरीच्या पावलावर हात ठेवून. पोटाला ओढ लागत होती. मनातल्या मनात डॉक्टरचा, जयाचा, सरकारचा उद्धार चालू होता. आणि पोरगी झोपली हो! सकाळपर्यंत उठली नाही.

आता कौतुक. कांताबाईने चहा गाळताना मनाची तयारी केली. उर्वशी टोस्ट बुडवून खात होती. कांताबाई तिच्यापुढे बसली आणि अगदी पोटातून, मायेनं म्हणाली, "शहानी झाली वं माही उर्वशी!"

पोरीच्या हातातला टोस्ट चहात पडला. ती रडायलाच लागली. "म्या काही नाई केलं आजी! म्या नाई सांडलं!" म्हणत ती आईच्या पदरामागे लपली. त्या रात्री ती बाजेकडे फिरकेना. म्हणे, "तिथं झोपलं का आजी रागावते."

मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी कांताबाई पदर खोचून अंगणवाडीच्या दारात. "तुयी विद्या तुयापाशीच ठेव! चांगली झोपली होती पोट्टी, कौतुक केलं अन् बिथरली!"

"काय म्हटलं तुमी तिले?" जयाने विचारलं.

"शहानी म्हटलं. शिवी देली का?"

जयालाही तो शब्द दोन-चारदा मिळालेला होता.

घरी येऊन कांताबाईने हाच पाढा उज्ज्वलापुढे वाचला. सात वर्षांत जिने आवाज चढवला नव्हता, त्या सुनेने हातातलं लाटणं आपटलं. "शिवीच हाय थे, आई! तुमच्या तोंडून शहानी आयकलं का मले घाम फुटते. सात वर्षं झाले मले, अजून कयत नाई कोनती शहानी चांगली अन् कोनती वाईट. थे तर साडेचार वर्षांचं लेकरू हाय. तिले कसं कयन?"

कांताबाईचे कान तापले. माझ्या घरात, माझ्या तोंडावर! ती जेवली नाही. अंगणात जाऊन बसली. सून चढून बसली, ती तांड्यावरची पोरगी मला शिकवते, पोट दुखतं ते वेगळंच. पण खरी आग दुसरीच होती. चांगलं म्हणायला दुसरा शब्द शोधला, तर सापडेना. शाबास ती आजवर बैलालाच म्हणत आली होती, नवरा भीमराज होता आणि दारात जोडी होती तेव्हा. गुणाची म्हणावं, तर ते कोणी मेल्यावर म्हणायचं, गुणाची होती बिचारी. जिवंत माणसाला म्हणायचा एक शब्द नाही! अठ्ठावन्न वर्षं बडबड केली आणि एक शब्द नाही! तिला स्वतःच्या तोंडाची चीड आली, आणि ते तोंड ज्यांनी असं केलं त्या सगळ्यांची.

संध्याकाळी ती उठून आत आली. "मंग काय म्हनू? सांग आता, लय तोंड फुटलं ना तुले!"

उज्ज्वलाने तिच्याकडे पाहिलं. "काईच नोका म्हनू. तिनं जे केलं, थेच तिले सांगा. तेवढंच."

तेवढं कांताबाईला जमण्यासारखं होतं. पोरीला बाजेवर न्यायला तीन दिवस गेले, पण चौथ्या सकाळी तिने उर्वशीला समोर उभं केलं आणि ठणकावून सांगितलं, "काल तू बाजीवर झोपली. मधात एकदा उठली. मले हाक नाई मारली. उशी पोटाशी घेतली अन् परत झोपली. म्या पाह्यलं."

उर्वशीने डोळे मोठे केले. "तू पाह्यलं?"

"हाव. सारं पाह्यलं."

पोरगी दिवसभर दारोदार सांगत सुटली, आजीनं पाहिलं म्हणून. मग रोज सकाळी हा कार्यक्रम. कांताबाई रोज एक हात लांब सरकायची, रोज काय घडलं ते सांगायची. आवाज तोच, खेकसल्यासारखा. पण पोरगी पुढ्यात येऊन ऐकायची. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात कांताबाई आपल्या अंथरुणात आणि उर्वशी आपल्या बाजेवर, मधे अख्खी खोली.

टाके नीट भरले. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, म्हणाले, आता काही भीती नाही. यवतमाळहून येताना एसटीत कांताबाई कोणाशीच भांडली नाही. कंडक्टर दोनदा वळून बघून गेला.

रात्री तिने अंथरूण जरा रुंद घातलं. उशी सरकवली. "ये वं, उर्वशी. डॉक्टर हाव म्हनला. टाक पाय."

उर्वशी बाजेवर बसली होती. तिने क्षणभर विचार केला. "नाई आजी. मी इथंच झोपतो." आणि उशी पोटाशी घेऊन तिने कूस बदलली. पाच मिनिटांत झोपलीसुद्धा.

कांताबाई जागी राहिली. जयाचा राग आला, उज्ज्वलाचा आला, त्या डॉक्टरचा आला. पोरीचा तर इतका आला की उठून तिला ओढून आणावंसं वाटलं. हेच पाहिजे होतं ना तुला? यासाठीच भिंतीला पाठ घासत बसली होतीस ना? मग आता का जळतेस? पोटावर हात ठेवून ती पडून राहिली. पोट अगदी हलकं होतं, आणि त्या हलक्या पोटाचाही तिला राग आला.

सकाळी ती मुद्दाम काही बोलली नाही. तव्यावरची भाकर उलटत राहिली. उर्वशी येऊन पुढ्यात उभी राहिली, नेहमीसारखी.

"आजी, सांग ना."

"काय सांगू?"

"म्या राती काय केलं थे."

कांताबाईने भाकर तव्यावरून काढली. पोरगी हलेना.

"आजीनं बलावलं," कांताबाई म्हणाली. "बाजूले जागा केली. तरी तू नाई आली. आपल्या जाग्यावर झोपली. रातभर. एकटी."

"तू पाह्यलं?"

"पाह्यलं ना. रातभर पाह्यलं."

उर्वशी खूश होऊन आईला सांगायला पळाली. कांताबाईला रडू फुटलं, आणि रडू फुटल्याचा असा संताप आला की तिने पुढची भाकर थापायला घेतली ती दणादणा, फाटेपर्यंत.