ठसका लागला नाही

कडावच्या बायजाने पक्षी पाळला, हेच मुळात गावाला पटलं नव्हतं. दूध विकणारी बाई. तिने म्हैस पाळावी, कोंबड्या पाळाव्यात. पिंजऱ्यातलं पिवळं पाखरू कशाला? बायजाने कुणाला उत्तर दिलं नाही. कारण उघड होतं. तिचा नवरा मालोजी डोळे गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेव म्हटलं की जेवायचा, एवढंच.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात कर्जतच्या रेल्वे क्वार्टर्समधले एक गार्डसाहेब विलायतेला निघाले. त्यांच्याकडे बायजाचं दूध जाई. मडमेने व्हरांड्यातल्या पाच कॅनरी पक्ष्यांपैकी एक तिला देऊ केला. बायजाला एक गुबगुबीत, लिंबासारखा पिवळाधमक भावला होता. पण बाई शहाणी. घेण्याआधी मालोजीला बैलगाडीत घालून तिथे घेऊन गेली. तो बराच वेळ कान देऊन उभा राहिला, मग त्याने एका कोपऱ्याकडे बोट केलं. “ह्यो. बाकीचे नुसते चिवचिवतात. ह्यो गातो.”

तो निघाला सगळ्यांत फिक्का, वर एका पायाचं बोट वाकडं.

मडमेने मोडक्या हिंदीत बजावलं: रोज ताजं पाणी, राळ्याचे दाणे, काकडीची चकती, वारा लागू द्यायचा नाही, मांजरापासून जपायचं. बायजाने पाखराचं नाव पिवळ्या ठेवलं आणि सगळं तंतोतंत पाळलं. मांजराच्या भीतीने पिंजरा वाशाला उंच टांगला. आणि मालोजी पहाटे उठून पिवळ्याला शीळ घालू लागला, ओटीवर येऊन बसू लागला, जाणाऱ्या-येणाऱ्याची थट्टा करू लागला. आमचं घर शेजारीच. मी मुंबईला कॉलेजात शिकत होते. सुटीत येऊन हे पाहिलं तेव्हा माझा विश्वासच बसेना.

श्रावणात पिवळ्या गप्प झाला. पिसं गळू लागली. मालोजीने शीळ घालून घालून शेवटी पुन्हा भिंत धरली. अख्खं गाव पाखरू बघून गेलेलं, तेव्हा दृष्ट लागली याबद्दल कुणाला शंका नव्हती. खालापूरहून मालोजीची थोरली बहीण धोंडूबाई आली. दृष्ट काढण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

नारळी पौर्णिमेच्या सुटीत मी दूध आणायला गेले, तेव्हा नुकताच तो कार्यक्रम उरकला होता. बाहेर पाऊस, म्हणून दारं-खिडक्या बंद. पिंजऱ्यावरून ओवाळलेलं मीठ, मोहऱ्या, मिरच्या बरोबर त्याच्याखाली ठेवलेल्या खापरीत निखाऱ्यांवर जळत होत्या. मंडळी जमिनीवर बसलेली. दृष्ट लागलेली असेल तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, असा आमच्याकडे समज. आणि खरोखरच कुणी खोकत नव्हतं.

“बगा, ठसका नाय कुनाला,” धोंडूबाई म्हणाली. “लय वंगाळ दृष्ट व्हती. गेली आता.”

सगळ्यांचे चेहरे उजळले. मालोजी तर हसला. मग एकदम त्याने मान वर केली. “दांडीवरनं काय तरी पडलं.”

आम्ही वर पाहिलं. सगळा धूर कौलांखाली कोंडला होता. त्यात पिंजराच दिसेना. बायजाने तो खाली उतरवला. तळाशी पिवळ्या पडला होता, चोच उघडी.

धोंडूबाई म्हणाली, दृष्टच इतकी जबर की जाताना जीव घेऊन गेली. आणि बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या! मेलेलं पाखरू समोर, घशाशी येणारा तो वास, आणि हे माना डोलावतायत.

“वन्सं, दृष्ट नाय,” बायजा म्हणाली. नणंदेपुढे तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही. “मी मारला. रोज चूल पेटवते. धूर वर जातो, ह्ये मला कळाया नको?”

कॉलेजात प्राणिशास्त्राच्या बाईंना विचारलं, तर त्या सहज म्हणाल्या, पिसं झडतात तेव्हा कॅनरी गातच नाही. महिना-दीड महिन्यात नवी पिसं आली की पुन्हा गायला लागतो. दिवाळीत मी ते बायजाला सांगितलं. दुधाचं माप तिच्या हातात तसंच राहिलं.

“मंजी नुसतं गप बसलो आसतो, तरी?”

“हो.”

तिने आत पाहिलं. मालोजी भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“त्यांना सांगू नको, बाय,” ती हळू म्हणाली. “मी नको नको म्हनत व्हते. त्यांनीच हट्ट धरला, वन्संला बोलाव म्हून.”

गाव तिला पाखरू मारणारी म्हणत होतं. तिने त्यालाही कधी उत्तर दिलं नाही.