तात्यांच्या बिनचिठ्ठीच्या बाटल्या

नामदेवतात्या सोनवणे कामाला हात लावण्याआधी बंदुकीचा वास घेत. खांद्याला टेकतो तो दस्ता नाकाजवळ धरायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "रॉकेल हाय. कुन्या शहान्यानं घासलंय." देहूरोडच्या बाजारात परवान्याच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात आम्ही दोघे कामाला होतो. नळ्या माझ्याकडे, दस्ते त्यांच्याकडे.

लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त होऊन आलेला हा माणूस भलताच हट्टी. साबणाचं पाणी, स्पिरिट, थिनर, सगळं फळीवर, कॅन्टीनच्या एकसारख्या रिकाम्या बाटल्यांत. चिठ्ठी एकीवरही नाही. मी विषय काढला की ऐकवायचे, "नाक शाबूत हाय तवर चिठ्ठ्या कशापायी?"

एका दुपारी माझ्या हातून रॉकेलचा डबा त्यांच्या पायाशी लवंडला. तात्या भाकरी खातच राहिले. पायाला ओल लागली तेव्हा म्हणाले, "पानी सांडलं का रं?" मी "हो" म्हणालो. वर्षानुवर्षं थिनर हुंगून त्यांचं नाक गेलं होतं. मालकाला कळतं तर काम गेलं असतं, आणि कामाशिवाय तात्यांना दुसरं काही नव्हतं. म्हणून मी गप्प बसलो आणि त्या गप्प बसण्याला माया म्हणत राहिलो.

दोनेक वर्षांनी तळेगावच्या एका बागाइतदाराची बायको नवऱ्यामागे राहिलेली विलायती बंदूक घेऊन आली. काळ्या प्लास्टिकचा दस्ता, त्यावर तेलाचे ओघळ आणि खाली चार बोटांचे पांढुरके ठसे. रानडुकरांपासून पिकाची राखण करताना नवरा हाताला डासांचं औषध चोळायचा. त्या औषधानं प्लास्टिक खाल्लं होतं.

"मुलाच्या नावावर करायचीय, म्हणून स्वच्छ हवी," ती म्हणाली. "पण भाऊ, ही बोटं राहू द्या. त्यांचं एवढंच उरलंय."

"व्हय ताई. बोटांना धक्का लागायचा न्हाई."

तात्यांनी स्पिरिट म्हणून एक बाटली उघडली, सवयीनं हुंगली आणि मान हलवली. माझ्या नाकात थिनरचा वास शिरला; थिनरनं प्लास्टिक विरघळतं. मालक समोरच बसले होते. मी क्षणभर घुटमळलो, आणि तेवढ्यात फडकं फिरलं. थिनर ओघळून खाली उतरलं, प्लास्टिक चिकट झालं, बोटं एकमेकांत मिसळून गेली.

ती बाई त्या जागेवर नुसता हात ठेवून उभी राहिली.

"ताई, मला वास येत न्हाई," तात्या म्हणाले. "दोन वर्सं झाली. म्या लपवलं." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुला ठावं व्हतं, न्हवं?"

मी थिनरच्या बाटलीला झाकण लावलं.

तात्या पुन्हा दुकानात आले नाहीत. वर्षाच्या आत गेले. मयतीला मी गेलो, पण पुढे व्हायचा धीर झाला नाही. लोक त्यांच्या हाताच्या गुणाबद्दल बोलत होते आणि मला ती बाटल्यांची फळी आठवत होती. तात्या फडकी गुंडाळून निघून गेले, त्याच दुपारी मी सगळ्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. पाचच बाटल्या होत्या. दहा मिनिटांत काम उरकलं.