अत्तारकाकूंची साक्ष

अत्तारकाकूंना खोटं बोलता येत नसे. खोटं बोलणं पाप आहे वगैरे त्या कधी सांगत नसत. एखाद्याला शिट्टी वाजवता येत नाही, तसं त्यांना ते जमायचंच नाही. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमची दारं समोरासमोर होती. रविवारी अत्तारकाकांच्या ऑफिसातून फोन आला, की काका सोफ्यावरून 'नाही म्हणून सांग' असे हातवारे करायचे. काकू शांतपणे फोनवर सांगायच्या, "जी, घर पर ही हैं. हाथ हिला रहे हैं, बात नहीं करना चाहते." काका कपाळाला हात लावायचे आणि मुकाट्यानं उठून फोन घ्यायचे.

काकू मूळच्या कराडच्या. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होत्या. ऑफिसात त्यांना सगळे वचकून असत, पण कॉलनीतल्या बायका साडी घ्यायला जाताना त्यांनाच सोबत नेत, कारण दुकानदार काय म्हणतो यापेक्षा काकू काय म्हणतात यावर भरवसा जास्त. आईच्या एका नव्या साडीकडे बघून त्या म्हणाल्या होत्या, "पोत छान आहे वहिनी. रंग मात्र तुम्हाला अजिबात शोभत नाही." आई दोन दिवस घुश्शात होती. तिसऱ्या दिवशी साडी बदलायला काकूंनाच घेऊन गेली. ईदला शिरखुर्म्याचं पातेलं घेऊन यायच्या तेव्हा दारातच सांगून टाकायच्या, "यंदा खालून थोडा लागलाय. वरचा वरचा घ्या."

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "काकू, एखादं छोटंसं खोटं बोललं तर काय बिघडतं?" भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "खोटं सांभाळायला माणूस ठेवावा लागतो रे नितीन. आपल्याकडे कुठे एवढी नोकरमाणसं आहेत?"

त्यांचा एकुलता एक मुलगा समीर माझ्याहून लहान. आमच्या टीममध्ये तो विकेटकीपर असायचा. बडबड्या, लाघवी मुलगा. मराठी कळायची, पण बोलताना अर्ध्यात हिंदीवर घसरायचा. इंजिनियर झाला, काही वर्षं गुरुग्रामला नोकरी केली, मग आखातात गेला. तोवर दोन्ही घरं निवृत्तीनंतर दिल्लीतल्याच द्वारका भागात एकाच सोसायटीत राहायला आली होती. सुरुवातीला समीरचा रोज फोन यायचा. हळूहळू कमी झाला. आला तरी तो वेगळंच काही बोलायचा: अम्मीनं टीव्ही बघू नये, अब्बांनी आमच्या घरी गणपतीच्या आरतीला जाऊ नये. काका त्याच्यावर चिडायचे. काकूंनी एकदा त्याला विचारलं, "हे तुला कोण शिकवतं? तुझे नाना पाच वेळचे नमाजी होते, त्यांनी तर मला कधी असं सांगितलं नाही." त्यावर त्यानं फोन ठेवून दिला.

मग काही महिने काहीच कळलं नाही. कंपनीनं कळवलं, की तो नोकरी सोडून गेलाय. एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. त्या वेळी माझी आई काकूंच्या स्वयंपाकघरात बसलेली होती, म्हणून हे मला ठाऊक आहे. आपण सीमा ओलांडून युद्ध चालू आहे तिथे आलोय, तिथल्या संघटनेत दाखल झालोय, अम्मीनं अभिमान बाळगावा, असं तो सांगत होता. काकूंनी फक्त विचारलं, "बंदूक हातात घेतलीस?"

तो हो म्हणाला असावा.

"चालवलीस? माणसावर?"

पलीकडून काय उत्तर आलं ते आईला ऐकू आलं नाही. काकूंनी फोन ठेवला, गॅस बंद केला आणि बराच वेळ ओट्याला धरून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसला जाताना नेसायच्या तशी कडक इस्त्रीची साडी नेसली आणि पोलिसांत जाऊन सगळं सांगितलं. सोबत माझे बाबा गेले होते. काका गेले नाहीत. ते म्हणाले, "माझ्यापुरता तो मेला." त्या दिवसापासून त्यांनी घरात समीरचं नाव घेतलं नाही.

बातमी सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. लिफ्टमध्ये काकू आल्या की लोक मोबाइलमध्ये डोकं घालू लागले. पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय चालू असताना काकू उठून उभ्या राहिल्या. "आप लोग पूछ नहीं रहे, मैं ही बता देती हूँ," त्या म्हणाल्या. "मेरा बेटा वहाँ चला गया है. उसने बहुत ग़लत किया है. पुलिस को मैंने ही बताया. और कुछ जानना हो तो मुझसे पूछिए, मेरी कामवाली से मत पूछिए." सेक्रेटरींनी चष्मा पुसला आणि विषय पुन्हा पार्किंगवर आणला. पण त्यानंतर लिफ्टमध्ये निदान नमस्कार होऊ लागले.

दोनेक वर्षांनी तिकडची ती संघटना मोडली. त्याआधीच समीर तिथून पळाला होता, असं पोलिसांकडून कळलं; तो दुसऱ्या देशाच्या तुरुंगात सापडला. त्याचा पासपोर्ट संघटनेनं पहिल्याच दिवशी जाळला होता. तो भारतीय आहे की नाही, याची खातरजमा करायला एक अधिकारी फोटो घेऊन काकूंच्या घरी येणार होते. आदल्या संध्याकाळी काकांनी आम्हाला बोलावून घेतलं.

"फोटो ओळखू नकोस," ते काकूंना म्हणाले. "दाढी, जखमा, काय ओळखणार? नाही म्हण. राहू दे त्याला तिकडेच. उरलेले दिवस आपल्याला शांतपणे जगू दे."

काकूंनी बाबांकडे बघितलं. "तुम्हाला काय वाटतं, भाऊजी?"

बाबांनी आयुष्यभर सरकारी नोकरी केलेली. ते अडखळत म्हणाले, "वहिनी, तुमचं दुःख मला कळतं. पण एकाला परत आणलं, की दहा जणांना वाटेल, जाऊन बघावं, नाही जमलं तर सरकार आणतंच परत. आणि तो आता कोण होऊन येईल, कुणाला माहीत? ज्यांची मुलं अशांच्या हातून मेली, त्यांनी काय म्हणायचं?" मलाही तसंच वाटत होतं. आजही हा प्रश्न सोपा आहे असं मी म्हणणार नाही.

काकू म्हणाल्या, "त्याला सोडा असं मी कुठे म्हणतेय? पोटचा आहे म्हणून सोडू नका. पण नको झाला म्हणून दुसऱ्याच्या दारात टाकूही नका. तिकडे तो एक दिवस नुसता मरेल, नाहीतर पळून जाऊन पुन्हा कुणाला तरी मारेल. त्यानं काय केलं, ते त्याला कोणी विचारणारच नाही. इथे आणलं तर कोर्टात उभं राहून सांगावं लागेल. भाऊजी, इथली शाळा, इथलं रेशन, इथलं पाणी. बिघडला तोही इथलाच."

काका उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. काकूंनी फोटो उन्हाकडे धरून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "समीर ही है. भौंह पर निशान क्रिकेट का है. गेंद लगी थी." त्याच्या भुवईला लागलेला तो बॉल मीच टाकलेला होता.

समीरला आणलं ते थेट कोठडीतच. काकू विमानतळावर गेल्या नाहीत. आमच्या गच्चीवरून उतरणारी विमानं दिसतात, त्या दिवशी त्या तिथेही आल्या नाहीत. घरात बसून होत्या. खटला उभा राहिला, तेव्हा समीरच्या वकिलांनी त्याचा बचाव मांडला: मुलाला फसवून नेलं होतं, तो तिकडे फक्त स्वयंपाक करायचा, शस्त्राला त्यानं हात लावला नाही. पुरावा फारसा नव्हता. सरकारी पक्षाच्या साक्षीदारांत काकूंचं नाव होतं. समीरचे वकील घरी येऊन त्यांना म्हणाले, "माताजी, आपको बस इतना कहना है कि ठीक से याद नहीं." काकूंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "याद तो है."

त्या दिवशी मीच त्यांना गाडीतून कोर्टात नेलं. समीर बारीक झाला होता, केस कापलेले. आई दिसताच तो उभा राहिला. फोनवर काय बोलणं झालं, असं विचारल्यावर काकूंनी जसंच्या तसं सांगितलं. त्यानं बंदूक चालवल्याचं कबूल केलं होतं, हेही सांगितलं. त्यांचा आवाज एकदाच थांबला. न्यायाधीशांनी पाणी घ्यायला सांगितलं; त्यांनी घेतलं आणि पुढे बोलल्या. शेवटी विचारलं गेलं, आणखी काही सांगायचं आहे का? त्या म्हणाल्या, "जी. वो वहाँ से ख़ुद भागकर आया था, ये भी लिखिए. ये भी सच है." परत येताना घराजवळच्या पालमला त्या म्हणाल्या, "गाडी जरा बाजूला घे रे." आणि रडल्या. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

समीरला बरीच वर्षं शिक्षा झाली. जन्मठेप टळली, ती काकूंच्या शेवटच्या वाक्यामुळे, असं त्याच वकिलांनी नंतर सांगितलं. पण समीरनं आईची साक्ष मनाला लावून घेतली. काकू भेटीला जायच्या आणि तो बाहेर यायला नकार द्यायचा. त्या बाकावर बसून राहायच्या, भेटीची वेळ संपली की मेट्रोनं परत यायच्या. मी म्हटलं, "काकू, तो येत नाही तर कशाला जाता?" त्या म्हणाल्या, "मी आले होते, हे त्याला आतून कळतं ना. तेवढं पुरे." कधी मी सोबत जायचो. एका उन्हाळ्यात तो भेटायला बाहेर आला. काचेपलीकडे मान खाली घालून बसला. मग मराठीत म्हणाला, "अम्मी, तू खरं बोललीस म्हणून मला तिकडचं सगळं आठवावं लागलं. ते मला नको होतं." काकू म्हणाल्या, "मलाही नको होतं, बाळा." त्यानंतर तो प्रत्येक भेटीला येऊ लागला. तुरुंगातल्या पोरांना गणित शिकवू लागला. त्याच वाटेनं निघालेल्या, नव्यानं आलेल्या एका पोराशी तो तासन्‌तास बोलत बसतो, तिकडे खरं काय असतं ते सांगतो, असं तिथल्याच एका शिपायानं काकूंना सांगितलं. काका मात्र एकदाही गेले नाहीत. काकू परतल्या की ते दार उघडायचे, पण काही विचारायचे नाहीत.

गेल्या थंडीत काकू गेल्या. हृदयविकारानं, झोपेत. मय्यतीला आमची अर्धी सोसायटी आली होती. सेक्रेटरींनी खांदा दिला. समीरला काही तासांची परवानगी मिळाली आणि पोलिसांच्या गाडीतून त्याला कब्रस्तानात आणलं. माती देण्यासाठी एका हवालदारानं त्याचा हात मोकळा केला. कबरीभोवती गर्दी होती, त्यामुळे तो मागेच उभा राहिला. काकांनी त्याला पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहत होते. कोणाच्या लक्षात यायच्या आत ते एक पाऊल सरकले आणि त्यांनी कबरीच्या उशाशी त्याच्यापुरती जागा केली. समीर पुढे आला. दोघांनी शेजारी शेजारी वाकून माती दिली.

गाडी त्याला घेऊन गेली. लोक पांगले. काका हात न धुता तसेच उभे होते, नखांत माती. मी म्हटलं, "काका, चला."

"नितीन," ते म्हणाले, "भेटीसाठी नाव कुठे नोंदवायचं असतं, तुला माहीत आहे ना?"

मी म्हटलं, माहीत आहे.

"मग सोमवारी घ्यायला ये मला."