डावीकडचं चाक

बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला, विहिरीचा तळ दिसायला लागला, तेव्हा मी भाड्याने माल वाहायचं ठरवलं आणि भिंगारच्या एका भंगारवाल्याकडून पिकअप गाडी आणली. साहेबाच्या राज्यातली गाडी, वयाने जवळजवळ माझ्याएवढी. पळायची बरी, पण मागून बुटकी दिसायची. मला ते खपेना. गाडी कशी छाती काढून उभी राहिली पाहिजे! म्हणून मागच्या दोन्ही चाकांना मी थोराड टायर बसवून घेतले.

"पुढनं शेळी आन् मागनं म्हैस झालीय," बायको दारातून म्हणाली.

"तुला गाडीतलं काय कळतंय?" मी म्हणालो. मला तरी एवढंच कळत होतं, की गाडी माझी आहे.

पुढच्या उन्हाळ्यात जामखेडकडच्या गावाहून माझे चुलते आले. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं.

"मांडव घातलाय, पन पाव्हन्यांच्या हातावर घालाया पानी न्हाई. तुजी गाडी हाय म्हून आलो."

मी लगेच फुगलो. नगरच्या बाजूला एका ओळखीच्या मळ्यात अजून पाणी होतं. तिथे ड्रम भरले, बायकोला शेजारी बसवलं आणि निघालो. पहिला खड्डा आला आणि मागून आवाज आला, खर्रर्र.

"रस्ता खराब हाय," मी म्हणालो.

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "रस्त्याला वास बी येतो का?"

उतरून पाहिलं. डाव्या चाकातून धूर निघत होता. मडगार्डच्या काठाने टायर खरवडून काढला होता, खोबरं किसावं तसा. मी पहारीने तो काठ वर ठोकला. गाडी निघाली, पुन्हा खड्डा, पुन्हा खर्रर्र. मग मडगार्ड इतकं ठोकलं की त्याला चीर पडली आणि टायर मात्र तसाच घासत राहिला. शेवटी ओझं कमी करावं म्हणून मी एक ड्रम कलंडायला धरला. बायकोने माझा हात पकडला.

"पानी सांडताय? औंदा?"

रस्त्याकडेला एक वस्ती होती. तिने तिकडे तोंड करून हाक घातली, आणि बघता बघता हंडे-कळशा घेऊन बाया धावत आल्या. दोन ड्रम रिकामे झाले. एका म्हातारीने माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "लेकरा, देवावानी आलास रं!" टायर घासतोय म्हणून आलो, हे मी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी हात जोडून मान खाली घातली. बायको दुसरीकडे बघून पदराआड हसत होती.

चुलत्यांनी ड्रम बघितले. "एवढंच?"

"वाटेत तहानलेली मानसं भेटली," मी म्हणालो.

"आन् चाक बी भेटलं," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मांडवामागे गाडीखाली शिरलो. स्प्रिंगचे पाटे दमलेत, एक जास्तीचा पाटा घालू, असं माझं निदान होतं. तेवढ्यात बायको आली. उजवीकडे टायर आणि मडगार्डच्या मधे तिने मूठ घातली, आत गेली. डावीकडे बोटसुद्धा शिरेना.

"टायर तर दोन्हीकडं थोराड हायत. मग एकच कसा घासतोय?"

मी पुन्हा गाडीखाली गेलो. डाव्या पाट्यांवरचा जुना वाळका चिखल खरवडला, तेव्हा दिसलं: पाटे आणि आस एका जागी धरून ठेवणारा मधला बोल्ट तुटला होता आणि त्या बाजूने आस मागे सरकली होती. मी गाडी घेतली तेव्हाही ती अशीच असणार. बुटक्या टायरांनी ते निभावून नेलं होतं, आणि माझ्या हौसेने ते उघडं पाडलं.

रिकामी गाडी हळूहळू जामखेडला नेली, बोल्ट आणला, थोराड टायर देऊन जुन्या मापाचे घेतले. परत येऊन गाडी जॅकवर चढवली. आस पुढे रेटायला दुसरा माणूस हवा होता. आचारी चुलीपाशी, बाकीचे पत्रावळी आणायला गेलेले. सापडले ते फक्त चुलते.

"आरं, नवरीचा बाप हाय मी! मला गाडीखाली घालतुयास?" असं म्हणत म्हणत ते शिरले. पहार रेटली, बोल्ट बसला, आवळला. बाहेर आले तेव्हा नव्या धोतराला ग्रीस लागलं होतं. काकूने ते पाहिलं आणि पुढे जे बोलली ते सगळं मला उद्देशून होतं.

मग लग्नापर्यंत पाण्याच्या खेपा केल्या. ड्रम भरून येताना त्या वस्तीपाशी बाया आधीच उभ्या असत. आता चाक घासत नव्हतं, तरी मी थांबायचो. बायको शेजारी असताना न थांबण्याची सोयच नव्हती.

पाठवणी आमच्याच गाडीतून झाली. नवरा-नवरी माझ्या शेजारी, बायको करवलीबरोबर मागे. नवरी मुसमुसत होती. खड्डा आला की मी मान वळवून खिडकीबाहेर कान द्यायचो. शेवटी नवऱ्या मुलाला राहवेना.

"दादा, गाडीत काय बिघाड हाय का?"

"न्हाई, पाव्हनं," मी म्हणालो. "कायबी वाजत न्हाई. तेच ऐकतोय."