अठराशे वर्षांची मुंगी

२००५ साली, अठराशे वर्षं टिकलेली एक मुंगी मी शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये एका शनिवारी सकाळी मारली.

ती बायकोच्या अंगठीत होती. चार वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरी बसल्यानंतर अनघाला नोकरी लागली, आणि पहिल्या पगारातून तिने स्वतःसाठी एवढी एकच वस्तू घेतली. अंगठी नवी, चांदीची. तिच्यातला लाल खडा मात्र जुन्या रोममधला, आणि त्यावर गव्हाचा दाणा ओढणारी इवलीशी मुंगी कोरलेली. हे सगळं तिने मला सविस्तर सांगितलं होतं. (मी तेव्हा मॅच बघत 'हो ना, मस्त' म्हणत होतो.)

मग पुण्याहून आई आली.

"अरे, अनघाच्या खड्याला चरे पडलेत. असला खडा बोटात ठेवू नये, लाभत नाही."

ॲनिव्हर्सरी दोन दिवसांवर होती. बायकोला सरप्राइज आणि आईचं समाधान, एका दगडात दोन पक्षी! (मुंगी धरून तीन.) शनिवारी अनघाने कणीक मळायला अंगठी काढली, ती मी हळूच उचलली आणि देसी सोनार गाठला.

त्याने भिंग लावलं. "भाईसाब, इस में कुछ बना हुआ है."

"स्क्रॅच है यार. एकदम प्लेन कर दो."

घरी येऊन त्याच उत्साहात मी आमच्या लेकीची, सईची, खोलीही आवरली.

सोमवारी संध्याकाळी केक कापल्यावर डबी दिली. अनघाने खडा दिव्याखाली धरला, नखाने चाचपला.

"मुंगी कुठंय?"

"कुठली मुंगी?"

"अगं बाई," आई पुटपुटली, "चष्मा नव्हता गं माझा."

"तुमचं नाही चुकलं, आई. ह्याला मी सांगितलं होतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात सहा वर्षांची सई म्हणाली, "आई, डोन्ट बी सॅड. आय हॅव द अँट." तिने म्हणे एकदा ती अंगठी निळ्या क्लेवर दाबली होती. मुंगी दाण्यासकट उमटली, म्हणून तो गोळा वाळवून शेल्फवर ठेवला होता. अनघाचा चेहरा उजळला. मायलेकी खोलीकडे धावल्या.

मी खुर्चीतच बसून राहिलो. तो निळा, वाळका गोळा मला चांगला आठवत होता. कचऱ्याचा ट्रक सकाळीच येऊन गेला होता.

"बाबा," आतून आवाज आला, "डिड यू क्लीन माय रूम?"

अनघा तो गुळगुळीत खडा अजून घालते, आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळतो. एरवी मी घरात इकडची काडी तिकडे करत नाही. त्या एकाच शनिवारी केली.