झाकणावरची फरशी

शकुबाईच्या खानावळीत पोटभर जेवून, दारात हात पुसत तिच्याच नावानं बोटं मोडणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. ती माणसं माझे शेजारी आहेत, म्हणून तर जास्त चीड येते.

कुरखेड्यात बसस्टँडच्या मागे आमचं बारा गाळ्यांचं संकुल आहे. मधोमध माझं शिवणकामाचं दुकान, आतल्या टोकाला शकुबाईची खानावळ आणि रस्त्याकडच्या टोकाला प्रफुलभाऊंचं कापड दुकान. मालक नागपूरला राहतात. भाडं गोळा करण्यापासून गाळा कुणाला द्यायचा आणि कुणाकडून काढायचा इथपर्यंत सगळं प्रफुलभाऊ बघतात. व्यापारी मंडळाचे अध्यक्षही तेच. आमच्यात दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं, हे आमचं कर्म.

शकुबाई इथे आली तेव्हा सोबत भात शिजवायची दोन मोठी पातेली, म्हणजे आमच्याकडचे गंज, होते आणि नवऱ्याच्या, देवाजीच्या, शेतातला तांदूळ. देवाजी गावी धान पिकवतो, ती इथे शिजवते. भात पसवून काढायचा, लाखोळीच्या डाळीचं वरण, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. भाताची पेज नालीत जात नाही, बादलीत जमते आणि गवळी घेऊन जातो. ताटात भात टाकणाऱ्याला ती चारचौघांत सोलून काढते, मग तो साहेब असो की ट्रकवाला. एकदा एका इंजिनिअरला तिनं विचारलं होतं, की तुमच्या आईनं धान कधी निंदलं आहे काय. त्यानं ताट चाटूनपुसून साफ केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवायला आला. तिचा गाळा म्हणजे तिचं सगळं जग आहे. गावी परत गेली तर देवाजीच्या धानावर चूल पेटेल, पण पोरीचं नर्सिंगचं शिक्षण थांबेल. आम्हाला सगळ्यांना हे ठाऊक होतं.

आता नालीचं सांगते. सगळ्या गाळ्यांच्या पायऱ्यांखालून एकच नाली जाते. ती खानावळीपासून सुरू होते आणि कापड दुकानापुढून रस्त्याच्या नालीला मिळते. दोन वर्षांपूर्वी ती तुंबायला लागली. पाणी वर यायचं ते शकुबाईच्या दारात. मग काय, खापर फोडायला डोकं सापडलं. खानावळ म्हणजे तेल, तेल म्हणजे तुंबलेली नाली, असा सरळ हिशेब झाला. मागल्या वर्षी दिवाळीनंतर प्रफुलभाऊंनी जिल्ह्याच्या गावाहून एक एजन्सी आणली. नाली तुंबण्याआधीच दर महिन्याला साफ करून द्यायची, असा वर्षाचा करार होता, अठरा हजारांचा. बारा गाळे आहेत तर बारा वाटे व्हावेत, असं मी म्हणाले. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. अर्धे पैसे शकुबाईनं द्यायचे, उरलेले अकरा जणांनी वाटून घ्यायचे, असं ठरलं. शिवाय करार झाल्यावरही नाली तुंबली तर तिनं दिवाळीपर्यंत गाळा खाली करायचा.

तिनं पैसे दिले. घासाघीसही केली नाही. तेल आपलंच असेल, असं तिलाही वाटत होतं.

एजन्सीचा माणूस महिन्याला यायचा. शकुबाईच्या दारातलं झाकण उचलायचा, बाटलीतलं काहीतरी ओतायचा, मोबाईलवर फोटो काढायचा आणि तिच्याकडेच जेवून जायचा. दुसरं झाकण काऊन उघडत नाही, असं तिनं एकदा त्याला विचारलं. ते सापडतच नाही, असं तो म्हणाला. सापडणार कुठून? मागल्या वर्षी प्रफुलभाऊंनी दुकानापुढे चकचकीत फरशीची पायरी बांधली, ती नेमकी त्या झाकणावर. गिऱ्हाईकाला दुकानात शिरताना नालीचं झाकण दिसू नये म्हणून. ती पायरी बांधताना आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. पैसे मात्र दर महिन्याच्या साफसफाईचे भरत राहिलो. अशा कराराला काय म्हणावं, मला शब्द सुचत नाही. सुचतात ते लिहिण्यासारखे नाहीत.

नवरात्राच्या आधी नाली तुंबली. काळं पाणी खानावळीच्या उंबऱ्याला लागलं. प्रफुलभाऊंनी लगेच सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि ठरल्याप्रमाणे गाळा खाली करायला सांगितलं. बोलताना ते पाण्यापासून चांगले दहा हात लांब उभे होते, पांढरी पँट सांभाळत. बाकीचे आपापल्या पायरीवर उभे राहून पाणी बघत होते. मी बोलायला गेले तर शकुबाईनं माझा हात धरला.

"भाऊ, गाळा खाली करतो मी," ती म्हणाली. "पण पैले तुमच्या पायरीखालचं झाकण उघडा. मले पाहू द्या मी का टाकलं त्यात."

प्रफुलभाऊ नाही नाही म्हणत होते. फरशी महागाची होती म्हणे. पण किराणावाल्या पोचूच्या दारापर्यंतही पाणी आलं होतं, त्यानं घरातून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली. पायरी फुटली. झाकण निघालं. आत हात घालायलाही जागा नव्हती, इतकं गच्च बसलेलं होतं.

फावड्यानं बाहेर काढलं तेव्हा सगळे पुढे वाकून बघायला लागले. तेल होतं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त होती रांगोळी. पांढरीफटक, दगडासारखी. रोज सकाळी आम्ही बारा जण दुकानापुढे शेणाचा सडा घालतो, रांगोळी काढतो आणि दुसऱ्या दिवशी ती झाडून पाण्यासोबत पायरीच्या फटीत लोटतो. रांगोळीला घाण कोण म्हणेल? सड्याला कोण म्हणेल? त्यात उदबत्तीच्या काड्या, हारांचे दोरे, नारळाच्या शेंड्या. आणि खालच्या थरात लाल माती.

शकुबाई खाली बसली. तिनं ती माती चिमटीत घेऊन चोळली. चुलीवर चढवण्याआधी ती गंजाच्या बुडाला ओल्या मातीचा लेप देते, म्हणजे काजळी भांड्याला धरत नाही, लेपासोबत धुऊन जाते. आमच्याकडे घरोघरी तसंच करतात. ती माती रोज नालीत जात होती. माती काही घाण नाही, असं तिलाही वाटत आलं होतं.

"हा गारा माहाच आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

प्रफुलभाऊंना तेवढंच हवं होतं. बघा, बाईनं स्वतः कबूल केलं, असं ते वळून वळून सांगायला लागले. मला वाटलं, शिवणाची कात्री घेऊन यावं. जिनं खरं सांगितलं तिच्याच गळ्यात सगळं बांधायचं, आणि रांगोळीचा ढीग मात्र कुणाचाच नाही.

शकुबाई वाद घालत बसली नाही. तिनं घमेलं आणलं, आपली लाल माती वेगळी करून भरली आणि डोक्यावर घेतली.

"माहा गारा मी नेतो, भाऊ. बाकीचा ज्याचा असंल त्यानं न्यावा."

ती गेली आणि ढीग तिथेच राहिला. कुणी हात लावेना, कारण हात लावला तर आपला म्हणायची पाळी. ऐन नवरात्राच्या खरेदीत कापड दुकानाच्या तोंडाशी तो वास मारत पडला. गिऱ्हाईक नाकाला पदर लावून पुढच्या दुकानात जायचं. शेवटी मजूर लावून प्रफुलभाऊंनीच तो उचलला आणि गाळा खाली करायची भाषा बंद झाली. तिची माफी मात्र कुणी मागितली नाही. पैसे परत देण्याचं तर नावच नको.

आणि कळस पुढेच आहे. दिवाळीच्या आधी त्या झाकणावर पुन्हा फरशी बसली. नवी, आधीपेक्षा चकचकीत. एजन्सीचा करारही नवा झाला, वाढीव दरानं. प्रफुलभाऊ दुपारी खानावळीत जेवायला बसले आणि दुसऱ्यांदा भात मागताना अर्ध्या वाट्याची आठवण त्यांनी शकुबाईला करून दिली. मी पलीकडच्याच बाकावर होते.

तिनं त्यांना भात वाढला, वर वरण घातलं. माती नालीत जाऊ नये म्हणून गंजाचा लेप ती आता अंगणात खरवडून काढते, मग गंज धुते.

"भाऊ, मी बारावा वाटा देईन," ती म्हणाली. "तो बी ते झाकण उघडं दिसंल त्या दिवशी. तोवर मले नका मांगू."

पोचू शेजारी जेवत होता. तो म्हणाला, माहाही वाटा त्याच दिवशी घ्या. मग मी म्हणाले. मग बाकावरचे बाकीचे, ताटातून मान वर न करता, पण म्हणाले.

प्रफुलभाऊंनी ताटातला भात तसाच टाकला आणि उठले. शकुबाईनं त्यांना हाताला धरून परत बसवलं आणि तो संपवायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याकडच्या टोकाला सब्बलीचा आवाज सुरू झाला.