भूभूताईची चौदा पत्रं

टेलरकाकांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते रस्त्यावर मांडी घालून बसलेली, आणि तीही भर दुपारी, रहदारीच्या मधोमध.

त्याला आता बारा वर्षं झाली. एका गाडीतून एक काळा, वासराएवढा कुत्रा सुटला होता. तो रस्त्याच्या मध्यभागी उभा राहून दात दाखवत गुरगुरत होता. लोक पायऱ्यांवर चढले होते, किराणावाल्याने शटर अर्धं खाली ओढलं होतं, आणि जो तो दुसऱ्याला "काठी आणा, काठी आणा" म्हणत होता. तेवढ्यात एक लुकडी मुलगी गर्दीतून बाहेर आली. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, कुत्र्याकडे पाठ केली आणि डांबरावर बसली. मग तिने चांगली आ वासून जांभई दिली. एकदा, दोनदा. कुत्र्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. काका कोटाच्या बाहीवर कात्री चालवत होते; नजर बाहेर आणि हात आत. चार-पाच मिनिटांनी त्या काळ्याने मान खाली घातली, तिच्यामागे येऊन तिची पाठ हुंगली आणि तिला टेकून बसला. काकांनी कापडाकडे पाहिलं तर बाही कोपरातच संपली होती.

"जांभई कशाला दिलीस गं?" त्यांनी तिला नंतर विचारलं.

"त्याला सांगितलं, की मला भांडायचं नाहीये."

"असं सांगतात?"

"ते एकमेकांना असंच सांगतात, काका. आपलं लक्ष नसतं."

ती बाही काकांच्या खिशाला लागली, पण त्यांनी कधी कुरकूर केली नाही. ही हकिगत सांगताना ते अजूनही आवाज थोडा खाली आणतात.

पुढे ती त्यांच्याच दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहायला आली. आईवडील नव्हते. भाऊ होता, पण दूरच्या गावी, आणि त्याचा फोन वाढदिवसापुरता. लोकांचे कुत्रे फिरवणं, न्हाऊ घालणं, मालक गावाला गेले की त्यांच्या घरी जाऊन सांभाळणं, एवढंच तिचं काम. गल्लीतली पोरं तिला भूभूताई म्हणायला लागली आणि मग मोठेही तेच म्हणू लागले. जाड कॅन्व्हासचे पट्टे ती काकांकडूनच शिवून घ्यायची. शिवण तीनदा घ्यायची, आणि हातात धरायची कडी मोठी ठेवायची. "कडी मनगटात अडकायला नको," ती प्रत्येक वेळी बजावायची. "पट्टा मुठीत धरायचा. मनगटाला गुंडाळायचा नाही. कुत्रा सुटला तर पकडता येतो, हात सुटला तर नाही." नवीन मालकांनाही ती पहिल्याच दिवशी हेच शिकवायची.

आणि एका सकाळी तिने स्वतःच पट्टा मनगटाला गुंडाळला.

दोन घरांचे दोन दांडगे कुत्रे तिच्या हाताशी होते. एकाच्या गळ्यातल्या पट्ट्याचं बकल सैल झालं होतं, ते घट्ट करायला दोन्ही हात हवे होते, म्हणून दुसऱ्याचा पट्टा तिने उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन अडकवला. अर्ध्या मिनिटाचं काम. नेमकं त्याच वेळी शेजारून जाणाऱ्या ट्रकचं टायर फुटलं. कुत्रा जीव घेऊन पळाला आणि त्याच्यामागे ती फरफटत गेली. मनगट मोडलं, खांदा निखळला आणि हाताची एक मोठी नस ताणली गेली. दोघांपैकी कोणता कुत्रा पळाला, हे फक्त तिला माहीत होतं. ट्रकवाल्याला कुत्र्यांची ओळख नव्हती, रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं, आणि शुद्धीवर आल्यावर ती त्याबद्दल काही बोलली नाही.

पहिल्या प्लास्टरात आणि औषधांत साठवलेलं सगळं संपलं. मग डॉक्टरांनी सांगितलं, नसेचं ऑपरेशन तीन महिन्यांच्या आत व्हायला हवं. झालं तर हात जेवण्याखाण्यापुरता चालेल. नाही झालं तर लाकडासारखा लटकत राहील. कुत्रा धरणं मात्र दोन्हीकडे संपलं.

"मग ऑपरेशन कर की," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे काकांची बायको. बटणं आणि काजं त्यांच्याकडे.

"पैसे?"

"माग. चौदा घरं आहेत तुझी."

"मागायला जीभ रेटत नाही, काकू."

"कुत्र्यांसाठी मागताना बरी रेटायची! त्या पांढऱ्याला हिवाळ्यात गादी नव्हती तर त्याच्या मालकिणीशी भांडली होतीस."

"ते त्याच्यासाठी होतं."

"आणि हे कुणासाठी आहे? माझ्यासाठी?"

दोन महिने उरले असताना ती एका दुपारी दुकानात आली. हात झोळीत होता. कापायच्या टेबलासमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, पत्रं लिहून द्याल? मला डाव्या हाताने येत नाही अजून."

काकांनी मापांची वही बाजूला सारली, कोरे कागद घेतले, चष्मा लावला. "बोल. आदरणीय महोदय?"

"नाही. लिहा, चिकूला पायऱ्यांची भीती नाही."

"काय?"

"लिहा ना. चिकूला पायऱ्यांची भीती नाही. दुसऱ्या मजल्यावरची फरशी गुळगुळीत आहे, तिथे तो एकदा घसरला होता. तिथे एक पायपुसणं टाका, म्हणजे त्याला ओढावं लागणार नाही."

काका लिहीत गेले. चिकूचं पान भरलं. मग राणीसाहेब नावाची कुत्री निघाली, जी प्लास्टिकच्या भांड्यातलं पाणी पीत नाही आणि म्हणून उन्हाळ्यात आजारी पडते. मग एक घर, जिथे मोठी मुलगी बॅग भरताना दिसली की कुत्रा चावायला धावतो, कारण ती वसतिगृहात गेली तेव्हापासून त्या बॅगेवर त्याचा राग आहे. एकाच्या डाव्या कानामागे वाटाण्याएवढी गाठ आहे, अपघाताआधीच्या दोन महिन्यांत ती वाढली होती, डॉक्टरांना दाखवा. कोणतीही वही नाही, चिठ्ठी नाही. ती डोळे मिटून बसली होती आणि एकेका कुत्र्याला शेपटीपासून नाकापर्यंत आठवत होती. काकांनी चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली होती. छाती, कंबर, उंची. पण एका जिवाचं असं माप त्यांनी कधी घेतलं नव्हतं. त्यांचं पेन दोनदा थांबलं.

"अगं, हे मदतीचं पत्र आहे की प्रगतिपुस्तक?"

"आधी त्यांचं, मग माझं. मी पुन्हा जाणार नाही ना त्यांच्याकडे. हे कुणीतरी सांगायला हवं."

प्रत्येक पत्राच्या शेवटी मात्र त्याच चार ओळी होत्या. माझा हात कामातून गेला. ऑपरेशनसाठी मदत हवी आहे. एका महिन्याची फी द्यावी, फिरवणं मात्र होणार नाही. आणि चौथी ओळ: अपघातात चूक माझी होती, पट्टा मी मनगटाला गुंडाळला होता.

या ओळीवर काकांनी पेन खाली ठेवलं. "हे नको."

"का?"

"स्वतःच्या चुकीसाठी कुणी पैसे देतं का? आणि कुत्रा कुणाचा होता ते सांग. त्या घरावर सगळा खर्च पडेल. हक्काने पडेल."

"मग ते त्याला ठेवतील?"

काकांनी पेन पुन्हा उचललं.

"तो तीन वर्षांचा आहे," ती म्हणाली. "टायर फुटलं, तो घाबरला. दुसरं काय करणार होता? गुंडाळायचा नाही, हे मीच सगळ्यांना शिकवलंय. लिहा."

काकांनी मान डोलावली, पण पुढच्या पत्रात त्यांनी ती ओळ गुपचूप गाळली.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

त्यांनी वाचलं. गाळलेली ओळसुद्धा कागदावर असल्यासारखी म्हणून टाकली.

"काका, शेवटची ओळ म्हणताना तुम्ही कागदाकडे पाहिलं नाहीत."

काकांचे कान लाल झाले. त्यांनी ते पान फाडलं आणि नव्याने लिहिलं.

तीन दुपारींत चौदा पत्रं झाली. पाकिटांवर नावं घालायची वेळ आली तेव्हा निराळाच घोळ निघाला. बारा वर्षं त्या घरांत जाऊन-येऊन तिला एकाही माणसाचं नाव धड माहीत नव्हतं.

"लिहा, चिकूचे बाबा."

"आणि हे?"

"राणीसाहेबांची आई."

"अगं, तिला नाव नाही का?"

"असेल ना. मी कशाला विचारू? फोनमध्येही तसंच आहे."

काकू बटण लावता लावता इतक्या हसल्या की सुई बोटात गेली. "पोस्टमन नोकरी सोडून पळेल!"

पण ती पत्रं पोस्टाने जायची नव्हती. ती स्वतः गेली असती तर कुत्र्यांनी आनंदाने खांद्यावर उड्या मारल्या असत्या, आणि खांदा पुन्हा निखळायला तेवढं पुरलं असतं. म्हणून काकांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि ते निघाले. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणापुढे हात पसरला नव्हता. पहिल्या दारावरची घंटा दाबायला त्यांना बराच वेळ लागला.

दार उघडलं आणि आतून कुत्रा भुंकत आला. काका एक पाऊल मागे सरले. कुत्र्याने पाकीट हुंगलं, भुंकणं थांबवलं, आणि काकांच्या मागे, जिन्याकडे पाहत उभा राहिला. मालकाने दार लावून घेतल्यावरही आतून दारावर नखं घासल्याचा आवाज येत होता. पुढच्या घरीही तेच झालं. त्याच्या पुढच्या घरीही. काकांना आता भीती वाटत नव्हती. देवळात शिरताना होतं तसं काहीसं होत होतं. चौदा घरांत चौदा जीव त्या एका लुकड्या मुलीची वाट पाहत होते आणि गल्लीला याचा पत्ता नव्हता.

माणसं माणसांसारखी वागली. त्या सकाळी ज्यांचे कुत्रे तिच्या हाताशी होते, त्या दोन दारांत पहिला प्रश्न एकच होता. "आमचा नव्हता ना तो?"

"मला सांगितलेलं नाही," काका खरं तेच सांगत. मग लोक पत्र वाचत, शेवटच्या ओळीपाशी येत, आणि त्यांचे खांदे सैल होत. कुणी लगेच आत जाऊन पैसे आणले, कुणी "ह्यांना विचारून सांगते" म्हणालं. एका बंगल्यातल्या बाईंनी कुत्र्याबद्दलचं पान ठेवून घेतलं आणि मदतीचं पान परत दिलं. काकांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि नमस्कार करून बाहेर पडले.

बाराव्या घरी एक वयस्कर गृहस्थ एकटेच राहत होते. त्यांचा कुत्राही म्हातारा, खिडकीखाली पाठ करून पडलेला. "हल्ली फार हट्टी झालाय," ते म्हणाले. "मुद्दाम ऐकत नाही. परवा मी त्याला वर्तमानपत्राने मारलं." त्यांनी पत्र उघडलं. त्यात लिहिलं होतं: तो हट्टी नाही. उजवा कान गेला आहे, डाव्याने थोडं ऐकू येतं. डाव्या बाजूला बसून हाक मारा.

गृहस्थांनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग गुडघे धरत कुत्र्याच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसले आणि हळूच त्याचं नाव घेतलं. शेपटी फरशीवर आपटली. एकदा, मग पुन्हा पुन्हा. म्हाताऱ्या कुत्र्याने चेहरा वळवून त्यांचा हात चाटायला सुरुवात केली. गृहस्थांनी चष्मा काढला. काकांनी नजर खिडकीबाहेर वळवली.

"हिने शेवटी फक्त एका महिन्याची फी मागितलीये?" थोड्या वेळाने गृहस्थांनी विचारलं.

"हो."

"बसा तुम्ही. मला उठायला जरा वेळ लागेल."

त्यांनी वर्षभराची फी दिली.

अकरा घरांतून मदत आली. थोडी तूट राहिली, ती डॉक्टरांनी हप्त्यांनी घ्यायचं कबूल केलं. मुदत संपायच्या आठ दिवस आधी ऑपरेशन झालं. काकूंनी दवाखान्यात डबे पोचवले, भाऊ दोन दिवस येऊन गेला. कुत्रा कोणाचा होता, ते तिने काकांनाही सांगितलं नाही. काकांनी पुन्हा विचारलंही नाही.

ती आता जनावरांच्या दवाखान्यात सकाळी नऊ ते दोन नोंदणीच्या टेबलावर बसते. उजव्या हाताने तिला चहाचा कप उचलता येतो, आणि लिहिते ती डाव्या हाताने.